आधी मान, मग नाक

प्रश्न : माझं वय ४८. दिवसभर हिशेबाचं काम. चार महिन्यांपूर्वी वडील गेले आणि त्यांचं डोकं आपल्या हातांनी मातीत करावं असं मनाने घेतलं, म्हणून संध्याकाळच्या शिल्पकलेच्या वर्गात नाव घातलं. आठवड्यातून एकदा, अडीच तास. पाचव्या आठवड्यात धीर निघेना, म्हणून घरीच लाकडी दांड्यावर माती थापून बाबांचा चेहरा करायला घेतला. फोटो एकच, समोरून काढलेला. नाक-डोळे जुळल्यासारखे वाटले, पण बाजूने पाहिलं तर नुसता मुखवटा. सकाळी उठून बघते तर मान वाकलेली. पंख्याखाली वाळवलं, तर हनुवटीपासून कानापर्यंत भेग गेली. वर्गात नव्याने सुरुवात केली, तर सरांनी तारेने नाकच कापून काढलं आणि म्हणाले, ‘अजून नाक नको.’ घरी येऊन रडले. मला चित्रकला शाळेतही यायची नाही. या वयात हे जमण्यासारखं आहे का? तडकलेलं डोकं भट्टीत भाजता येईल का? घरी सराव कसा करू?

उत्तर : ते तडकलेलं डोकं घरात रोज नजरेला टोचत असेल, म्हणून आधी त्याचंच बोलू. ते भाजता येणार नाही. आत दांडा आहे, भोवती माती भरीव आहे, आणि हनुवटीपासून कानापर्यंत गेलेली भेग वरच्या सालीपुरती नसते. भट्टीत ते फुटेल आणि शेजारी ठेवलेल्या कामांनाही त्याचे तुकडे लागतील. मात्र मोडण्याआधी त्याचे आठ फोटो काढा. डोकं टेबलावर ठेवा, कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या उंचीला धरा आणि दर फोटोला ते एक अष्टमांश फिरवा. पुढचं डोकं झालं की त्याचेही असेच आठ काढा आणि शेजारी शेजारी ठेवा. आपल्या हाताची खोड कुठे आहे ते तेव्हा स्वच्छ दिसतं.

फोटो झाले की दांडा काढा आणि डोकं जाड पिशवीत घालून फोडा, म्हणजे धूळ उडणार नाही. सुपारीएवढे तुकडे करून पुरते वाळू द्या, मग पाण्यात सोडा. अर्धवट ओली माती पाण्यात कितीही दिवस ठेवली तरी गोळा होऊन बसते. कडक वाळलेली माती पाणी पिऊन आपोआप सुटते. ढवळू नका. दोन दिवसांनी वरचं पाणी ओतून द्या, खालचा गाळ जुन्या सुती चादरीवर पसरा आणि हाताला चिकटेनासा झाला की मळून हवाबंद पिशवीत भरा. पुढच्या डोक्याला हीच माती चालेल.

आता मान का वाकली ते बघू. मोठ्या माणसाचं डोकं हनुवटीपासून टाळूपर्यंत साधारण २२-२३ सेंटिमीटर असतं आणि खऱ्या मापात भरीव करायचं तर मानेसकट १२ ते १५ किलो माती लागते. एवढं वजन गुळगुळीत दांड्यावर थापलं की माती दांड्याला धरून राहत नाही, घसरते. त्यात माणसाची मान खांबासारखी उभी नसते. ती खांद्यांतून तिरकी पुढे येत वर जाते, त्यामुळे डोक्याचं वजन दांड्याच्या पुढे पडतं. ओली माती रात्रभर हळूहळू तिकडेच ओढली जाते. झोपताना सरळ आणि सकाळी वाकलेलं, ते यामुळे.

यावरचा इलाज सांगाड्यात आहे. वर्गात त्याला आर्मेचर म्हणतात. १८ मिलिमीटर जाडीच्या प्लायवुडचा ३५ सेंटिमीटर चौरस पाट घ्या आणि खाली दोन पट्ट्या ठोका, म्हणजे पाट ओलाव्याने वाकणार नाही आणि उचलताना बोटं खाली जातील. पाटावर फ्लँज, म्हणजे पाइप धरून ठेवणारी गोल चकती, स्क्रूने पक्का बसवून त्यात अर्ध्या इंचाचा, सुमारे ३० सेंटिमीटर उंचीचा पाइप उभा करा. पाइपच्या वरच्या टोकाला जाड अ‍ॅल्युमिनियमच्या तारेची दोन अंडाकृती वेटोळी एकमेकांना काटकोनात बांधा. ही वेटोळी डोक्याच्या वरच्या पृष्ठभागापासून सगळीकडून दोन-तीन सेंटिमीटर आत राहिली पाहिजेत, नाहीतर डोळ्यांचे खळगे करायला जाल आणि तार बाहेर येईल. वेटोळ्यांच्या पोकळीत दोन ‘फुलपाखरं’ टांगा : पाच-सहा सेंटिमीटरच्या दोन लाकडी काड्या फुलीसारख्या बांधायच्या आणि बारीक तारेने लोंबत्या सोडायच्या. भोवती माती दाबून भरली की तिचं वजन या फुल्यांवर अडतं. पाइप लोखंडी असेल तर त्याला तेलरंग मारा, गंजाचे डाग मातीत उतरतात. लाकूड वापरलंत तर त्याला वॉर्निश लावा किंवा चिकटपट्टी गुंडाळा. कोरडं लाकूड मातीतलं पाणी पिऊन फुगतं आणि मातीला आतून रेटतं; तुमच्या भेगेत याचाही हात असणार.

माती लावायच्या आधी एक तपासणी करा. मोठ्या कागदावर डोक्याची आणि मानेची बाजूने दिसणारी कड खऱ्या मापात काढा, भिंतीवर चिकटवा आणि सांगाडा तिच्यापुढे धरा. पाइप मानेच्या मागून किंवा गळ्यातून बाहेर पडताना दिसला, तर तो आत्ताच सरकवा. माती चढल्यावर मान पाइपच्या सोयीने करावी लागते आणि मग ती कुणाचीच मान राहत नाही.

सांगाडा देखणा असायची गरज नाही. फ्रेंच कलावंत एदगार देगाने १८८१ साली मांडलेल्या छोट्या नर्तिकेच्या मेणाच्या पुतळ्याचे क्ष-किरण फोटो काढले, तेव्हा आत तारा, शिशाचा पाइप आणि चक्क कुंचल्यांचे दांडे निघाले. हाताला लागेल ते वापरा, फक्त पाट हलवला तर वरचं टोक हलता कामा नये.

भेगेचं मुख्य कारण मात्र वाळण्यात आहे. मळलेल्या मातीच्या वजनात पाचवा ते चौथा हिस्सा पाणी असतं. ते उडालं की माती आक्रसते : वाळताना बहुधा ५ ते ८ टक्के, आणि भाजल्यावर सगळं मिळून १० टक्क्यांच्या आसपास. २२ सेंटिमीटरचं डोकं भट्टीतून निघतं तेव्हा २० चं झालेलं असतं. आतला दांडा मात्र आक्रसत नाही. बाहेरून माती आवळत जाते, आत दांडा अडून बसतो, आणि जिथे माती सगळ्यात कमजोर तिथे ती फाटते. पंख्याने त्यात भर घातली. नाक, कान, हनुवटी काही तासांत वाळून आखडली आणि आतलं पोट ओलंच राहिलं. वाळलेला आणि ओला भाग एकमेकांपासून ओढले गेले, की त्यांच्या सीमेवर तडा जातो.

म्हणून पहिला गोळा लावण्याआधीच एक गोष्ट ठरवून टाका. पक्क्या सांगाड्यावर केलेलं डोकं वाळवायचंही नाही आणि भाजायचंही नाही. ते शेवटपर्यंत ओलं ठेवायचं आणि त्याच्यावरून साचा घेऊन प्लास्टरमध्ये ओतायचं. भाजलेल्या मातीचं, म्हणजे टेराकोटाचं डोकं हवं असेल, तर ते पोकळ हवं आणि भट्टीत जाताना आत काहीही नको. नवशिक्यांची बरीच कामं या दोन वाटांच्या मधोमध सापडून बिघडतात.

पहिल्या खेपेला आम्ही तुम्हाला टेराकोटाची वाट सुचवू. साचा घेणं ही एक वेगळीच कारागिरी आहे, ती डोकं शिकतानाच अंगावर घेऊ नये. पाटावर सुमारे ३० सेंटिमीटरचा गोल लाकडी दांडा उभा करा. त्याच्या वरच्या टोकाभोवती वर्तमानपत्राचे बोळे घट्ट बांधून अंड्यासारखा गोळा करा, नारळाएवढा. होणाऱ्या डोक्याहून तो सगळीकडून तीन सेंटिमीटर लहान असावा. त्यावर आणि मानेच्या भागात दांड्यावर प्लास्टिकची पिशवी ओढून चिकटपट्टीने आवळा. माती याच्यावर चढवायची, अडीच ते तीन सेंटिमीटर जाड. ग्रॉग घातलेली माती मागून घ्या. ग्रॉग म्हणजे भाजलेल्या मातीचा रवा. त्याने माती कमी आक्रसते आणि तिच्या अंगात बळ येतं.

काम झालं की माती लेदर-हार्ड होऊ द्यायची, म्हणजे चामड्यासारखी : नखाने खूण उमटते, पण दाबली तर आकार बदलत नाही. या अवस्थेत तिच्यावर लक्ष ठेवा, ती एका दुपारीतही निघून जाते. आता तारेने डोक्याची टोपी कापा, कपाळाच्या वरून केसांतून मागे तिरकी. कापायच्या आधी त्या रेषेवर तीन-चार आडव्या खुणा करून ठेवा, म्हणजे टोपी परत नेमकी त्याच जागी बसेल. कागदाचा बोळा वरून ओढून काढा, डोकं दांड्यावरून उचला आणि वायर टूलने, म्हणजे टोकाला तारेचा फास असलेल्या कोरणीने, आतली माती कोरत भिंत एक ते दीड सेंटिमीटरवर आणा. मानेशी दोन ठेवली तरी चालेल. जाडी कळत नसेल तर टाचणीला दीड सेंटिमीटरवर खूण करून आतून टोचून बघा. मग दोन्ही कडा खरवडा, त्याच मातीचा पातळ चिखल लावा, टोपी दाबून बसवा, सांध्यावर मातीची बारीक वळी दाबून लाकडी पट्टीने हलके ठोका. नुसत्या पाण्याने चिकटवलेला सांधा त्या घटकेला धरतो आणि वाळताना सुटतो. मानेखालचं तोंड उघडंच ठेवा.

वाळवताना घाई नको. खाली वर्तमानपत्राची दुहेरी घडी ठेवा, म्हणजे आक्रसताना तळ सरकू शकेल. वरून सैल प्लास्टिक टाका. नाक-कानांवर थोडं जास्त झाका, कारण ते आधी वाळतात. दोन ते तीन आठवडे लागतील. वाळलं की नाही हे डोळ्यांनी ठरवू नका, रंग फसवतो. मानेखालचा जाड भाग गालाला लावून बघा. थंड लागला, तर आत अजून पाणी आहे. भट्टीत काम फुटतं ते या पाण्यामुळे. हवेचे बुडबुडे राहिले म्हणून फुटलं असं वर्गात ऐकायला मिळेल, पण हवेला एवढं बळ नसतं. पाण्याची वाफ झाली की ते सुमारे १,७०० पट जागा मागतं. माती कोरडी असेल तर बुडबुडा असूनही डोकं शाबूत निघतं. म्हणूनच भट्टी आधी १०० अंशांखाली काही तास धरून ठेवतात आणि मग १,००० च्या आसपास नेतात. उघडण्याची घाईही करत नाहीत, कारण थंड होताना ५७३ अंशांवर मातीतल्या क्वार्ट्‌झचं आकारमान एकदम बदलतं आणि तेव्हा तडा जाऊ शकतो.

आता त्या नाकाकडे येऊ, कारण तुमच्या पत्रातली खरी जखम ती आहे.

सरांनी नाक कापलं ते वाईट झालं होतं म्हणून नसावं, त्याच्यामागे डोकंच नव्हतं म्हणून. समोरच्या फोटोवरून काम करणारा जवळजवळ प्रत्येक नवशिका तेच करतो : सपाट ताटलीवर डोळे-नाक-ओठ मांडतो. समोरून ते पटतं. बाजूने बघितलं की कळतं, कवटीची मागची अर्धी बाजू केलेलीच नाही. डोक्याची कपाळापासून मागच्या फुगवट्यापर्यंतची खोली साधारण १९ सेंटिमीटर असते, रुंदी १५ च्या आसपास. म्हणजे डोकं रुंद असतं त्याहून बरंच जास्त खोल असतं. आपण माणसाशी समोरासमोर बोलतो, त्याच्या डोक्याची ही खोली आपण जन्मात नीट पाहिलेली नसते.

आणि ओळख तिथेच असते. गर्दीत आपलं माणूस पाठमोरं चाललेलं असलं तरी लांबून ओळखू येतं. तेव्हा नाक कुठे दिसतं? डोकं मानेवर किती पुढे आहे, कोणत्या बाजूला कललं आहे, खांदे कसे उतरतात, यावरून ओळखतो. तुमचे बाबा मातीत येतील ते याच वाटेने येतील. नाक शेवटी.

वर्गातल्या पुढच्या डोक्याचा पहिला तास असा घालवा. माती आधी तपासा : पेन्सिलीएवढी वळी करून बोटाभोवती गुंडाळा. चिरली तर कोरडी आहे, बोटाला चिकटली तर ओली आहे. मग अंगठ्याच्या पेराएवढे गोळे एकेक करून दाबून लावत जा. मोठा गोळा थापला की त्याच्या मागे पोकळी राहते. वीस मिनिटांत एक तिरकं अंडं आणि खाली पुढे झुकलेला मानेचा दंडगोल तयार व्हायला हवा. लाकडी पट्टीने दोन्ही बाजू, कानशिलांपासून मागे, जरा सपाट करा. अंडं तिथे खरोखरच चपटं असतं. डोक्याच्या मधून उभी रेषा ओढा, टाळूवरून मागे मानेपर्यंत. मग डोळ्यांची आडवी रेषा, आणि ती टाळू व हनुवटी यांच्या बरोबर मध्यावर. इथे हात हमखास फसतो. सगळेजण डोळे वर सरकवतात, कारण कपाळ आणि वरची कवटी ‘रिकामी’ वाटते. भुवईपासून हनुवटीपर्यंतचं अंतर अर्धं केलं की नाकाचा तळ येतो, कान भुवई आणि नाकाच्या तळाच्या दरम्यान बसतो, आणि बाजूने बघताना तो डोक्याच्या मध्याच्या मागे असतो, पुढे कधीच नाही. ही सरासरी मापं आहेत. समोरचा माणूस त्यांपासून कुठे वेगळा आहे हे कळायला ती उपयोगी पडतात.

यानंतर कॅलिपर घ्या, म्हणजे दोन वाकड्या पायांचं अंतर मोजायचं साधन. समोर बसलेल्या माणसाच्या कानाच्या भोकापासून चार अंतरं मोजा : हनुवटीपर्यंत, नाकाच्या मुळापर्यंत, टाळूपर्यंत, डोक्याच्या मागच्या टोकापर्यंत. मातीत त्या चारही जागी काडेपेटीच्या काड्या खोचा आणि काडीचं टोक मापावर येईपर्यंत माती चढवा. तुमचं काम हिशेबाचं आहे म्हणून सांगतो : ही चार मापं म्हणजे ताळेबंद. जुळत नाही तोवर पुढचं पान उलटायचं नाही. चित्रकलेची भीती इथेच संपते, कारण या टप्प्याला रेखाटन लागत नाही, मोजणं लागतं आणि ते तुम्ही रोज करता.

मापं जुळली की बघण्याची पद्धत बदला. फ्रेंच शिल्पकार रोदँ आपल्या मॉडेलच्या एकामागून एक कडा बघत काम करायचा : समोरची कड, थोडं फिरवून पुढची, पुन्हा पुढची. तुम्हीही तसंच करा. टर्नटेबल (शिल्पाखालचा फिरता पाट) आणि बसलेला माणूस, दोघांनाही एक अष्टमांश फिरवा आणि फक्त बाहेरची रेषा जुळवा, आतलं काही बघू नका. दर दहा मिनिटांनी तीन पावलं मागे जा. शिल्पाची हनुवटी तुमच्या हनुवटीच्या उंचीला हवी. खाली ठेवून केलेल्या डोक्याचं कपाळ हटकून बिघडतं, आणि आपली मानही अवघडते. दिवे मालवून एकच दिवा बाजूने लावा आणि भिंतीवर पडलेली सावली बघा. सावलीत नाक-डोळे नसतात, नुसतं डोकं असतं.

दहा तासिकांचं काम असेल तर पाचव्या तासिकेपर्यंत डोळ्यांच्या जागी दोन खळगे आणि नाकाच्या जागी एक पाचर, एवढंच असू द्या. नंतर डोळा करायला घ्याल तेव्हाही पापणी कोरू नका. आधी सुमारे २५ मिलिमीटरचा खरा गोळा करून खळग्यात बसवा आणि त्याच्यावर पापण्यांच्या पट्ट्या पांघरा. पापणी ही गोळ्यावरून गेलेली कातडी आहे. मातीत ओढलेल्या दोन रेघांनी डोळा होत नाही. डोळ्याचा बाहेरचा कोपरा आतल्यापेक्षा स्पष्ट मागे असतो. ओठही सपाट नसतात, ते दातांच्या कमानीवरून वळतात. शेवटी ओल्या बोटाने सगळं गुळगुळीत करायचा मोह होईल, तो टाळा. पाण्याने मातीचा बारीक अंश वाहून जातो, पातळ्या, म्हणजे वेगवेगळ्या दिशांना वळलेले सपाट भाग, बुजतात आणि चेहरा साबणाच्या झिजलेल्या वडीसारखा दिसू लागतो.

सरांशी मात्र एकदा बोलून घ्या. कामाला हात लावण्याआधी विचारा, हवं तर शेजारी दुसऱ्या गोळ्यावर करून दाखवा, असं सांगण्यात काही उद्धटपणा नाही. प्रौढांना शिकवणारे बरेच शिक्षक हे मान्य करतात. तुम्हीही एक जपा : सांगितलेला सांगाडा आणि मापं पूर्ण होण्याआधी नाकाकडे वळू नका.

आठवडाभर काम वर्गात कुठे राहतं तेही विचारून ठेवा. ओल्या फडक्यात थेट गुंडाळलं तर नाकाचा शेंडा मऊ होऊन फडक्याबरोबर निघतो. डोक्यावर पाच-सहा दंतकोरण्या खोचा, त्यावरून ओलसर फडकं तंबूसारखं टाका आणि वरून प्लास्टिकची पिशवी तळाशी पाटाला घट्ट बांधा. फवारा हलका मारा, ओघळ येता कामा नये.

घरच्या सरावाला पूर्ण मापाचं डोकं घेऊ नका. उंची अर्धी केली की माती आठव्या हिश्श्यावर येते, म्हणजे दीड-दोन किलोत डोकं होतं आणि ते एका संध्याकाळी करून मोडताही येतं. दर आठवड्याला असं एक डोकं करा, फक्त अंडं, मान आणि पातळ्या, चेहरा नको. मधूनमधून जुना बूट किंवा स्वतःची डावी मूठ करा. कोपरा एकच असेल तर ऑइल क्ले सोयीची. ती वाळत नाही, भाजता येत नाही आणि पुन्हा पुन्हा वापरता येते. हत्यारांवर खर्च करू नका : दोन वायर टूल, दोन लाकडी कोरण्या, एक जाड लाकडी पट्टी, कापायची तार, कॅलिपर. बाकी सगळं अंगठा करतो.

एका गोष्टीत मात्र ढिलाई नको. वाळलेल्या मातीच्या धुळीत सिलिका असते. ती इतकी बारीक असते की हवेत तासन्‌तास तरंगते, आणि वर्षानुवर्षं श्वासातून गेली तर फुप्फुसांना कायमची इजा करते. सांडलेली माती कोरडी झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. वाळलेल्या कामावर पॉलिशपेपर चालवू नका. ओल्या स्पंजने साफ करा. हात आणि हत्यारं बादलीत धुवा, गाळ खाली बसू द्या आणि वरचं पाणीच मोरीत सोडा.

पुढेमागे प्लास्टरकडे वळाल, तेव्हा शिक्षकांच्या देखरेखीखालीच वळा. प्लास्टर पाण्यात चाळून टाकायचं, पाणी प्लास्टरवर नाही. लिटरभर पाण्याला साधारण दीड किलो. ते घट्ट होताना चांगलंच तापतं. स्वतःचा हात त्यात बुडवून साचा घ्यायचा प्रयत्न कधीही करू नका, यात गंभीर भाजल्याच्या घटना झालेल्या आहेत. आणि प्लास्टरचे कण मातीत मिसळू देऊ नका. भाजल्यावर तो कण ओलावा घेऊन फुगतो आणि वरची कपची उडवतो.

राहिले बाबा. या वर्षी नको, असं मोकळेपणाने सांगतो. जमणार नाही असं नव्हे. पण पहिल्या दोन-तीन डोक्यांत चुका करायच्याच असतात, आणि बाबांच्या चेहऱ्यावर चूक झाली की तुम्हाला ती चूक वाटत नाही, अपराध वाटतो. तोवर त्या डोक्याची तयारी करता येईल. एका फोटोवरून डोकं होत नाही. नातेवाइकांकडून जुने अल्बम मागवा. लग्नाच्या, सहलीच्या गर्दीत बाजूला उभे असलेले, मान वळवलेले, पाठमोरे बाबा शोधा. स्टुडिओत बसवून काढलेल्या फोटोपेक्षा हे फोटो जास्त उपयोगी पडतील. भाऊ, काका किंवा आत्या यांच्यापैकी कुणाच्या डोक्याची घडण तशी असेल, तर त्यांना बसवून कॅलिपरने मापं घ्या आणि सगळ्या बाजूंनी फोटो काढा, दोन-तीन मीटर लांबून झूम करून. जवळून काढलेल्या फोटोत नाक मोठं होतं आणि कान मागे पळतात.

बाबा चष्मा वापरत असतील आणि तो घरात असेल, तर तो जपून ठेवा. समोरच्या फोटोला खरं माप देणारी तीच एक वस्तू असते. फ्रेमची या टोकापासून त्या टोकापर्यंतची रुंदी मिलिमीटरमध्ये मोजा, मग फोटोत तीच रुंदी मोजा आणि पहिलीला दुसरीने भागा. समजा फ्रेम १४० आणि फोटोत ४० भरली, तर गुणक साडेतीन. फोटोतली उभी-आडवी मापं त्याने गुणली की चेहऱ्याची खरी मापं बऱ्यापैकी हाताशी येतात : दोन डोळ्यांमधलं अंतर, नाकाच्या तळापासून हनुवटीपर्यंतचं अंतर, जबड्याची रुंदी. मान वळलेल्या फोटोला हा गुणक लावू नका. कान फ्रेमच्या बराच मागे असतो, त्यामुळे फोटोत तो किंचित लहान येतो. कानाचं माप भावाच्या किंवा काकांच्या कानावरून घ्या. काड्यांची लांबी आणि त्यांचा वाक बघा, फ्रेमपासून कान किती मागे होता ते त्यावरून कळतं. ही सगळी मापं वहीत तारीख घालून लिहून ठेवा, आणि चष्मा पेटीत परत ठेवण्याआधी त्याच्या नाकावरच्या गाद्यांमधलं अंतरही मोजा. नाकाच्या मुळाची जाडी तिथे कळते.